कच्चा टाका

पहिला शिवला खताच्या पोत्याचा.
युरियाची अक्षरं आतल्या बाजूला, तरी उन्हात दिसतच होती.
धुऱ्यावर उभी राहून पंचफुलाच्या कमरेला बांधला
आणि म्हटलं, वेच.
दोन तास ती बोलली नाही.
मग म्हणाली, "करकर करते व बाई,
पऱ्हाटीत साप निघाला तं ऐकू कसा येईन?"

हे मी मापात धरलं नव्हतं.
माझ्या वहीत होतं: कंबर, उंची,
झोल्यात किती किलो, कापड किती, दोरा किती,
आणि खाली, दोनदा रेघ मारून, नफा.
साप नव्हता.

दुसरा मांजरपाटाचा. मऊ, मुका.
तोंड उजवीकडे, कारण माझा हात उजवा.
शीला टेकाम डेबरी निघाली.
प्रत्येक बोंडाला अंगावरून वळसा घालायची,
संध्याकाळी काट्यावर बाकीच्यांपेक्षा चार किलो कमी.
किलोमागे दहा रुपये.
म्हणजे त्या तोंडाने तिचे चाळीस रुपये खाल्ले.
द्यायला गेले, तर घेतले नाहीत.
"तोंड मधात कर," म्हणाली.

तिसऱ्याचं तोंड मधात.
आणि तळाला नाडी, ओढली की झोला ढिगावर आपोआप रिकामा.
आईच्या कणगीवरून सुचलं होतं,
खालचा बोळा काढला की ज्वारी धो धो.
त्या रात्री मला झोप नाही, एवढी मी खूश.
सकाळी नाडी पऱ्हाटीच्या फांदीत अडकली
आणि दीड तासाची वेचणी पायाशी, वाळल्या पातीत.
चौघी जणी खाली बसून
कापसातली पाती काढत राहिल्या.
कोणी मला काही बोललं नाही.
ते जास्त लागलं.

नवरा म्हणाला, ब्लाउज शिव.
ब्लाउजला गिऱ्हाईक आहे.

मी उसवायला बसले.
उसवताना कळतं कापड कुठे ओढ खातं.
शिवताना आपण आपल्याच टाक्यावर भाळलेलो.

चौथ्याचे पट्टे खांद्यावरून, पाठीवर फुली.
बारा किलो भरले, मान दुखली नाही.
पण दुपारी बाभळीखाली काजल मडावीचं लेकरू रडलं
आणि पाठीवरची गाठ तिच्या हाताला येईना.
मी पळत गेले, कात्रीने पट्टा कापला.
महिन्याचं काम. कर्र्.
लेकरू प्यायला लागलं.
कापलेली दोन टोकं तिच्या छातीशी लोंबत होती,
तेव्हा दिसलं: हूक इथे.

पाचवा आठ दिवस त्यांच्याजवळच ठेवला.
परत आला तो आतल्या कोपऱ्यात चिंधी टाचून,
काळ्या दोऱ्याने, वाकडी.
तिच्यात तंबाखूची डबी अन् मोबाईल.
"हे कोणी केलं?"
सगळ्या एकमेकींकडे पाहून हसल्या.
मालकाच्या कापसाला बारा किलोची जागा दिली होती मी,
त्यांच्या डबीला वीतभरही नाही.

मारेगावात कृषी केंद्राच्या खाड्यांनी
पाचवा उलटा केला, शिवण ताणून पाहिली.
"वेचणारी घेणार नाही, बाई. घेईल तर शेतमालक घेईल.
दोनशे नग देता का?
छातीवर बियाण्याचं नाव छापू,
अन् हा खिसा काढा. किती वाचतील?"
सात रुपये, मी म्हटलं.
हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
येताना बसमध्ये वहीत सात लिहिला,
खड्ड्यामुळे तो एक झाला.

सहाव्याचा खाका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे.
खिशाची रेघ तुटक काढली आहे.
कापड बेतलं, कच्चा टाका घातला,
मशीनवर अजून घेतलं नाही.

पहिला, पोत्याचा, पंचफुलाने मागून नेला.
कोंबड्यांच्या खुराड्याला पडदा केलाय.
"रातच्यानं बोका आला की करकर करते," म्हणते,
"लगेच जाग येते मले."